ताशी ७४च्या अलीकडे

वाशीत ताईच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर एक गतिरोधक आहे. गेल्या महिन्यात मी आणि भाच्याने तो स्टीलच्या टेपने मोजला. उंची १३ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम ४०. भर दुपारी दोन माणसं रस्त्यात उकिडवी बसलेली बघून रखवालदार छत्री घेऊन आला आणि गाड्यांना हात दाखवत उभा राहिला.

भाच्याचा एपीएमसीत मसाला मार्केटला गाळा आहे. दोन वर्षं धंदा चांगला गेला, आता गाडी घ्यायची आहे. त्याचं मन एका वापरलेल्या जर्मन कूपेवर बसलं आहे. भाचेसुनेला नवी, चार मीटरच्या आतली क्रॉसओव्हर हवी आहे. वाद पंधरा दिवस चालला, मग फोन आला, "मामा, तू आयुष्यभर फिजिक्स शिकवलंस, तूच सांग." मी म्हटलं, सांगत काही नाही, टेप घेऊन येतो.

कूपे हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ कापलेली. घोडागाडीच्या काळात मोठ्या बग्गीचा अर्धा भाग कापून दोन माणसांपुरती केलेली गाडी म्हणजे कूपे. आजही खूण तीच आहे: दोन लांब दारं, मागे उतरत जाणारं छप्पर, जमिनीलगतची बैठक. छोटी क्रॉसओव्हर मात्र आपल्याकडच्या करनियमांनी घडवली. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या इंजिनांच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६वर आलं, आणि कारखान्यांनी चार मीटरच्या चौकटीत जास्तीत जास्त उंची आणि ऐसपैसपणा बसवायचं कसब कमावलं. रांजणगावला तयार होणारी टाटा नेक्सॉन ३ हजार ९९५ मिलिमीटर लांब आहे, सवलतीच्या रेषेच्या फक्त ५ मिलिमीटर आत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्या आलिशान पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के. ऑगस्ट २०२५मध्ये भारतात आलेल्या मर्सिडीज एएमजी सीएलई ५३ या कूपेची शोरूमची किंमत सुमारे १ कोटी ३५ लाख रुपये होती. एवढ्या पैशांत क्रॉसओव्हरची रांग उभी राहील. पण वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात हे अंतर बरंच कमी होतं, म्हणून भाच्यासारख्यांना हा प्रश्न खरोखर पडतो.

गतिरोधकाकडे परत येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा असं आहे. ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता यावा असा तो आखलेला आहे. त्याची खुबी रुंदीत आहे. गाडीचं पोट उंचवट्याच्या माथ्यावर येतं तेव्हा पुढची-मागची चाकंही त्याच उंचवट्यावर चढलेली असतात. कूपेच्या दोन आसांमधलं अंतर २.८७ मीटर धरलं, तर तिच्या पोटाला फक्त ६ सेंटिमीटर जागा लागते. तिच्याकडे १२-१३ सेंटिमीटर असतात. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक कुठल्याही कूपेला लागू नये.

फाटकाबाहेरचा गतिरोधक ४० सेंटिमीटरचा आहे. त्यावर पोट येतं तेव्हा चारही चाकं सपाट रस्त्यावर असतात आणि पूर्ण १३ सेंटिमीटरची जागा लागते. शिवाय कंपन्या सांगतात तो ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची जागा, बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. चार माणसं आणि सामान मिळून साडेतीनशे किलो चढवले की हलक्या क्रॉसओव्हरच्या स्प्रिंगा साडेतीन-चार सेंटिमीटर दबतात. कूपेच्या कडक असल्यामुळे दोनेक. कूपेकडे उरतात साडेदहा, नेक्सॉनच्या २०.८पैकी १७. भाच्याने वहीत तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बोलला नाही. गतिरोधक मानकाप्रमाणे बांधून घेणं हा नागरिकांचा हक्क आहे, असं मला कळकळीने वाटतं. तो निमुळता कट्टा कूपेच्या मालकापेक्षा जास्त रिक्षातल्या गरोदर बाईला आणि स्कूटरवरच्या म्हाताऱ्याला छळतो.

टायरचंही तसंच आहे. क्रॉसओव्हरच्या टायरवर २१५/६० आर १६ लिहिलेलं असतं. २१५ मिलिमीटर रुंदीच्या ६० टक्के म्हणजे सुमारे १३ सेंटिमीटर उंचीची रबराची भिंत. कूपेच्या २४५/३५ आर २० टायरला हीच भिंत साडेआठ सेंटिमीटरची. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की धक्का पहिल्यांदा ही भिंत झेलते. ती आखूड असेल तर वळणावर गाडी हुकमी वळते, आणि पावसाळ्यात रिम वाकते.

आता कूपेची बाजू. ती मला मनापासून मांडायची आहे, कारण त्या उतरत्या छपरामागे फार सुंदर विज्ञान आहे. गाडी पुढे जाताना हवा बाजूला सारते, पण खरा तोटा मागे होतो. हवेचा प्रवाह छपरावरून सुटून मागे भोवरे होतात, तिथला दाब कमी होतो आणि गाडी मागे खेचली जाते. १९८४मध्ये एस. आर. अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या आकाराचा एक साधा ठोकळा घेतला, त्याची मागची कड वेगवेगळ्या कोनांत तिरकी केली आणि विरोध मोजला. उतार साधारण १२ अंशांचा असताना विरोध सर्वांत कमी होता, ३० अंशांच्या आसपास सर्वांत जास्त. छपराचा बाक थोडा चुकला तर सगळं मुसळ केरात. मर्सिडीजच्या ईक्यूएस या चार दारांच्या विजेवरच्या गाडीने कूपेसारखंच लांब छप्पर घेऊन हवेच्या विरोधाचा गुणांक ०.२०पर्यंत उतरवला. ती २०२२ पासून चाकणला जोडली जाते. उभट क्रॉसओव्हरचा गुणांक ०.३५च्या घरात असतो.

मग कूपे कमी इंधन पिते का? इथे वेगाला विचारावं लागतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्याच्या जोडीला टायरचा विरोध असतो. रबर प्रत्येक फेरीत दबतं, सुटतं आणि तापतं. हा विरोध वजनाच्या प्रमाणात असतो, वेगाने फारसा बदलत नाही. ताईच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही ढोबळ हिशेब मांडला. क्रॉसओव्हर १२०० किलो, कूपे १९०० किलो. ताशी ४० किलोमीटरला क्रॉसओव्हरला हवेचे ६२ आणि टायरचे ११८, मिळून १८० न्यूटन विरोध होतो. कूपेला हवेचे फक्त ४२, पण टायरचे १८६, मिळून २२८. ताशी १०० किलोमीटरला पारडं फिरतं. क्रॉसओव्हर ५०७ न्यूटन, कूपे ४५०. दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात ताशी ७४ किलोमीटरच्या आसपास.

आकडा पाहून भाचा उठून गॅलरीत गेला. त्याचं रोजचं जाणं-येणं सगळं ७४च्या अलीकडचं आहे. घरापासून मार्केटपर्यंत ट्रक आणि टेम्पो, संध्याकाळी अरेंजा कॉर्नरचा सिग्नल, रविवारी आईला घेऊन बेलापूर. कूपेचं छप्पर ज्या वेगासाठी घडवलं आहे, तो त्याला अटल सेतूवर कायद्याने मिळेल. तिथे मर्यादा ताशी १०० आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या सपाट भागातही तेवढीच, घाटात ६०. महिन्यातून दोनदा पुण्याला जाणाऱ्याला तो फायदा खराच मिळतो. पण सिग्नलवर प्रत्येक वेळी १९०० किलो थांबवून पुन्हा ४०वर आणायला क्रॉसओव्हरच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते, आणि पेट्रोल गाडीत ती सगळी ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन जाते. सपाट रस्त्यावर ४०चा वेग नुसता टिकवायला कूपेला साडेतीन अश्वशक्ती पुरते. सीएलई ५३मध्ये ४४९ आहेत.

वळणावर मात्र कूपेचा हात कोणी धरू शकत नाही. गाडी उलटण्याची शक्यता मोजायची एक साधी पद्धत आहे: दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. उंच गाड्यांचं उत्तर १ ते १.३, बसक्या मोटारींचं १.३ ते १.५, अस्सल कूपेचं त्याहूनही वर. कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.८-०.९ एवढीच असल्यामुळे सपाट रस्त्यावर दोन्ही गाड्या उलटायच्या आधी घसरतात. उंच गाडी उलटते ती घसरत जाऊन दुभाजकाला चाक अडखळल्यावर. पाम बीच रस्ता रात्री मोकळा असतो, आणि तिथले अपघात नवी मुंबईकरांना नवे नाहीत. क्रॉसओव्हर घेणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असल्याशिवाय सौदा करू नये. २०२३ पासून सुरू असलेल्या भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत तीन किंवा अधिक तारे मिळवायला ते लागतंच. नेक्सॉनने २०१८मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवले तेव्हा तसं करणारी ती पहिली भारतीय गाडी होती. पण वेगवेगळ्या वजनांच्या गाड्यांचे तारे एका रांगेत मांडू नयेत. १२०० आणि १९०० किलोच्या गाड्या ५०च्या वेगाने समोरासमोर धडकल्या, तर हलकीच्या वेगात क्षणात ६१ किलोमीटरचा बदल होतो, जडच्या वेगात ३९चा.

राहिला पाऊस. वाशी खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभी राहिली. १९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने डच पद्धतीने धारण तलाव ठेवले. भरतीला त्यांची दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की रस्त्यांवर पाणी चढतं. "क्रॉसओव्हर उंच आहे, पाण्यातून जाईल," असं भाचेसून म्हणाली, तेव्हा मला तिला थांबवावं लागलं. पाण्यात गाडीवर आर्किमिडीजचा नियम चालतो. ४ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १२०० किलोची बंद गाडी तळाच्या वर जेमतेम १७ सेंटिमीटर पाणी आलं की तरंगू बघते. जमिनीपासून ३७-३८ सेंटिमीटर झाले. कूपे जड, तिच्या तळाच्या वर २१ सेंटिमीटर लागतात, पण तळच खाली, म्हणून एकूण ३३-३४. पोटाखालची ८ सेंटिमीटरची आघाडी पाण्यात ४वर येते, कारण हलकेपणा क्रॉसओव्हरला आधी उचलतो. दारांतून पाणी आत झिरपतं आणि गाडी पुन्हा टेकते हे खरं, पण वाहत्या पाण्यात तेवढ्या वेळात चाकांची पकड जाते. हवा घेणाऱ्या नळीतून पाणी इंजिनात शिरलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. रस्त्यातल्या दुभाजकाचा रंग पाण्याखाली दिसेनासा झाला की गाडी कुठलीही असो, मागे वळवायची.

दोन्हींची सांगड घालायचा प्रयत्नही झाला आहे. ऑगस्ट २०२४मध्ये आलेल्या टाटा कर्व्हने कूपेचं छप्पर क्रॉसओव्हरच्या उंचीवर ठेवलं. ती ४.३ मीटर लांब आहे, म्हणजे छोट्या गाडीच्या करात बसत नाही. भाच्याला ती दाखवली. "छप्पर तेच, पण जमीन लांब राहते," तो म्हणाला. कूपेत बसल्यावर जमीन जवळ येते आणि तोच वेग जास्त वाटतो, हे मला ठाऊक आहे. त्याचं मन मी मोजायला गेलो नाही.

सोसायटीच्या तळमजल्यावर गाडी लावायची जागा अडीच मीटर रुंद आहे. १.८६ मीटरच्या कूपेला दोन्ही बाजूंनी मिळून ६४ सेंटिमीटर उरतात. तेवढी सगळी जागा चालकाच्या बाजूला ठेवली, तरी १.४ मीटरचं लांबलचक दार २७ अंशांपलीकडे उघडत नाही. क्रॉसओव्हरचं आखूड दार ४० अंशांपर्यंत उघडतं. हे मोजत असताना ताई काठी टेकत खाली आली. वर्षभरापूर्वी तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे.

"तुमचं मोजून झालं असेल तर एक सांग," ती म्हणाली, "त्यात मी बसायचं कसं?"

माणूस खाली बसतो तेव्हा गुडघा जितका जास्त वाकतो, तितका उठताना मांडीच्या स्नायूंवर भार वाढतो. आम्ही तिघं वर गेलो. ती ज्या लाकडी खुर्चीवरून हात न टेकता उठते, तिची बैठक जमिनीपासून ५२ सेंटिमीटरवर होती. भाच्याने वहीत ५२ लिहून त्याभोवती गोल केला. शनिवारी शोरूमला निघताना त्याने ताईला बरोबर घेतलं, आणि टेप खिशात घातली.