मुलाबरोबर त्याचे प्रकरणही पोहोचावे

सुरत शहरातील लिंबायत भागात मराठी आणि अहिराणी बोली सर्रास कानी पडतात. कापडधंद्यातील रोजगाराच्या ओढीने धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. अशा घरातील बालकाचे आईवडिलांचे छत्र हरपले, तर काका सुरतेच्या यंत्रमागावर आणि आजी खानदेशातील गावी, असा प्रसंग उद्भवतो. बालकाने राहावे कोठे, हे मग ठरवावे लागते.

हा निर्णय बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. निराधार बालक सापडल्यास त्यास २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करावयाचे असते. त्यानंतर घरभेट देऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार होतो व बालकाच्या संगोपनाची स्वतंत्र योजना आखली जाते. बालक परराज्यातील रहिवासी असल्याचे आढळल्यास प्रकरण तेथील समितीकडे वर्ग करण्यात येते. येथेच खरी अडचण होती. बालक गाडीने चार-सहा तासांत पोहोचावयाचे, कागद मागे राहावयाचे. मग आई कशी गेली, हे त्या लेकराने नव्या अधिकाऱ्यापुढे पुन्हा प्रथमपासून सांगावयाचे!

ही उणीव दूर करण्यासाठी आता प्रकरणांच्या नोंदी संगणकावर ठेवल्या जातात. केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेच्या संकेतस्थळावर हरवलेल्या व सापडलेल्या बालकांच्या नोंदी एकत्र पाहता येतात. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने ‘घर’ ही प्रणाली २०२२ मध्ये सुरू केली. तीमधून एका राज्यातील समितीस दुसऱ्या राज्यातील समितीकडे प्रकरण पाठविता येते, तसेच बालकाची भाषा जाणणाऱ्या दुभाष्याची मागणीही नोंदविता येते. अहिराणीखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या बालकाच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे.

तथापि यंत्रास जे सांगावे तेवढेच ते जाणते. ‘पिंपळगाव’ एवढीच नोंद केल्यास कोणते पिंपळगाव, हे कोणताही संगणक सांगू शकणार नाही. तालुका, जिल्हा, आजोळचे गाव व वडिलांचे पूर्ण नाव अचूक लिहिले जाणे अगत्याचे आहे. शाळेच्या दाखल्यावरील नाव व नोंदीतील नाव एकच असावे, याकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई असल्याने ही माहिती चावडीवर चर्चिली जाऊ नये, हेही ओघाने आलेच.

नोंद नीट असल्यास अर्थसाहाय्याचा प्रश्नही सुकर होतो. निराधार बालकास सांभाळणाऱ्या नातलगांना गुजरातेत पालक माता-पिता योजनेखाली दरमहा ३,००० रुपये मिळतात, तर महाराष्ट्रात बाल संगोपन योजनेखाली २,२५० रुपये. बालक कोणत्या राज्यात राहते हे नोंदीवरून स्पष्ट झाले, म्हणजे अर्ज कोठे करावयाचा याचा उलगडा होतो. अर्जासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधावा. संकटातील बालकाविषयी १०९८ या क्रमांकावर कोणाही नागरिकास विनामूल्य कळविता येते.