फेकून दिलेली ऊब

फ्रिजच्या मागच्या बाजूला हात धरून पाहा. गरम लागतं. आतल्या दुधातून, भाजीतून काढलेली उष्णता तो तिथे टाकत असतो. एसीचंही तेच. इथली उष्णता उचलायची आणि तिथे नेऊन टाकायची, एवढंच या यंत्रांचं काम. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ही साधी गोष्ट मनावर घेतली आणि कॅम्पसची ऊर्जाव्यवस्था मुळापासून बदलली.

1987 पासून तिथे नैसर्गिक वायूवर चालणारं केंद्र होतं. त्यात वीज तयार व्हायची आणि सोबतची वाफ जमिनीखालच्या नळांतून इमारतींना मिळायची. त्या काळी ही उत्तम सोय होती. पण विद्यापीठाच्या हरितगृह वायूंचा मोठा वाटा याच केंद्रातून बाहेर पडत होता.

जोसेफ स्टॅग्नर यांच्याकडे तिथल्या ऊर्जा विभागाची सूत्रं होती. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तासातासाचे आकडे शेजारी-शेजारी मांडले. प्रयोगशाळांना, रुग्णालयाला बारा महिने थंडावा हवा. त्याच तासाला दुसऱ्या इमारतींना ऊब आणि गरम पाणी हवं. दोन्ही गरजा जवळपास 70 टक्के एकाच वेळी जुळत होत्या. म्हणजे एका इमारतीतून काढलेली उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत सोडायची, त्यासाठी पाणीही उडवायचं, आणि शेजारच्या इमारतीसाठी पुन्हा वायू जाळायचा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. यंत्र नंतर आलं. आधी कोणीतरी दोन वह्या एकत्र उघडल्या.

2015 मध्ये नवं केंद्र सुरू झालं. त्याच्या पोटात उष्णता परत मिळवणारे चिलर आहेत. इमारतींतून फिरून आलेल्या पाण्यातली उष्णता ते काढून घेतात आणि दुसऱ्या पाण्याला देतात. एका बाजूने गार पाणी निघतं, दुसऱ्या बाजूने कडकडीत गरम. शेजारी अवाढव्य टाक्या आहेत: गार पाण्याच्या दोन, प्रत्येकी सुमारे 1 कोटी 90 लाख लिटरच्या, आणि गरम पाण्याची एक, सुमारे 87 लाख लिटरची. वीज स्वस्त असेल तेव्हा यंत्रं चालवायची आणि गारवा-ऊब साठवून ठेवायची. पुढचं हवामान आणि मागणी यांचा अंदाज बांधून संगणक हे वेळापत्रक ठरवतो.

नवं केंद्र वाफ देत नाही, गरम पाणी देतं. म्हणून वाफेचे नळ बाद करून सुमारे 35 किलोमीटर नवे नळ टाकावे लागले, दीडशेहून अधिक इमारतींतल्या जोडण्या बदलाव्या लागल्या. शिकवणं चालू असताना रस्ते खणले गेले. खर्च झाला 48 कोटी 50 लाख डॉलर. नव्या केंद्रामुळे आणि त्याला जोडून घेतलेल्या सौरऊर्जेमुळे उत्सर्जन कमाल पातळीच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशाने खाली आलं. पाण्याचीही मोठी बचत झाली.

आपल्याकडे याची जशीच्या तशी नक्कल होणार नाही. पुण्या-नागपुरात इमारती तापवाव्या लागत नाहीत, थंड कराव्या लागतात. पण वसतिगृहात अंघोळीला, खानावळीत भांड्यांना, रुग्णालयात कपडे धुवायला गरम पाणी लागतंच. एका गच्चीवर एसीची यंत्रं गरम हवा सोडत असतात आणि समोरच्या वसतिगृहात गीझर चालू असतात. आपल्या देशातली बहुतेक वीज अजून कोळशातून येते. एका युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

एखाद्या महाविद्यालयाच्या इमारत समितीवर तुम्ही असाल, तर पुढचा एसी किंवा गीझर मंजूर करण्याआधी एवढं करा: कोणत्या इमारतीला कोणत्या तासाला थंडावा लागतो आणि कुठे गरम पाणी लागतं, याची वर्षभराची नोंद मागवा.