मॅग्नेट्रॉनपासून पॅट्रिअटपर्यंत : रेथिऑनची कारखानदारी

रेथिऑन ही क्षेपणास्त्रे आणि रडार बनवणारी अमेरिकेतील एक अग्रगण्य कंपनी. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे १९२२ मध्ये लॉरेन्स मार्शल, व्हॅनेव्हर बुश आणि चार्ल्स स्मिथ यांनी ती काढली, तेव्हा डोळा होता फ्रिजच्या नव्या यंत्रणेवर. ती काही जमली नाही. जमली ती स्मिथ यांची वायू भरलेली नळी. तोवर घरगुती रेडिओ महागड्या बॅटऱ्यांवर चालत. या नळीमुळे ते घरच्या विजेवर चालू लागले. पुढे बरीच वर्षे कंपनीने रेडिओच्या व्हॉल्व्हवर गुजराण केली.

नशीब पालटले ते परक्या शोधामुळे. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तयार केलेला कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन १९४० मध्ये ब्रिटिश शिष्टमंडळाने अमेरिकेत आणला. तळहातावर मावणाऱ्या या वस्तूतून शक्तिशाली सूक्ष्मलहरी निघत, त्यामुळे रडार विमानात बसवण्याइतके लहान करता आले. घोडे अडले ते उत्पादनावर. तांब्याच्या भरीव ठोकळ्यात मधोमध एक भोक आणि त्याभोवती पोकळ्या कमालीच्या काटेकोर मापाने कोराव्या लागत. कसबी कारागीर दिवसभर राबले तरी हाती मोजकेच नग पडत. रेथिऑनच्या वॉल्थम येथील कारखान्यातील पर्सी स्पेन्सर यांनी कोरण्याचे कामच काढून टाकले. तांब्याच्या पातळ पत्र्यातून पोकळ्यांच्या आकारासकट चकत्या ठशाने कापायच्या, त्यांच्यामध्ये चांदीच्या डाकाचे थर ठेवायचे आणि ती चळत भट्टीतून काढायची; बाहेर अखंड ठोकळा येई. दिवसाला १७ नगांवरून उत्पादन २,६०० पर्यंत गेले. स्पेन्सर यांचे प्राथमिक शिक्षणही पूर्ण झालेले नव्हते. चालू मॅग्नेट्रॉनजवळ त्यांच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली आणि त्यातून मायक्रोवेव्ह ओव्हन सुचला, असे सांगतात. १९४७ चा पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. स्वयंपाकाच्या ओट्यावर मावायला त्याला आणखी वीस वर्षे लागली.

रडारकडून क्षेपणास्त्राकडे जाणे ओघानेच आले. हॉकसारख्या विमानवेधी क्षेपणास्त्रात जमिनीवरचे रडार लक्ष्यावर लहरींचा झोत धरून ठेवते आणि क्षेपणास्त्राच्या नाकातला ग्राहक परतणाऱ्या लहरींचा माग काढतो. म्हणजे निम्मे क्षेपणास्त्र रडारच असते. १९५० मध्ये कंपनीच्या मार्गदर्शन यंत्रणेवर चाललेल्या लार्क क्षेपणास्त्राने उडते लक्ष्य अडवले. मग स्पॅरो आणि हॉक आली आणि १९६७ मध्ये पुढे पॅट्रिअट म्हणून गाजलेल्या प्रणालीचे कंत्राट मिळाले. पॅट्रिअटचे रडार फिरत नाही. सपाट फलकावरील पाच हजारांहून अधिक घटकांतील लहरींची कला बदलून त्याचा झोत क्षणार्धात वळवला जातो.

१९९१ च्या आखाती युद्धात पॅट्रिअट घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश १५ फेब्रुवारीला रेथिऑनच्या अँडोव्हर येथील कारखान्यात कामगारांचे कौतुक करून गेले. दहाच दिवसांनी सौदी अरेबियातील दाहरान येथे एका स्कड क्षेपणास्त्राने बरॅकचा वेध घेतला. २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. जवळची पॅट्रिअट तुकडी शंभर तासांहून अधिक काळ अखंड चालू होती. तिचा संगणक वेळ सेकंदाच्या दशांशात मोजत असे आणि त्या संख्येला एक दशांशाने गुणत असे. एक दशांश द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही. २४ अंकांनंतरचे शेपूट कापले जाई. शंभर तासांत ही तूट सेकंदाच्या एक तृतीयांशावर गेली. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते, म्हणून रडार रिकाम्या आकाशात शोधत राहिले. मूळ कल्पना अशी की ही प्रणाली युरोपात सोव्हिएत विमानांविरुद्ध काही तास चालवावी आणि जागा बदलावी. इस्राएलींनी ११ फेब्रुवारीलाच धोका कळवला होता. सुधारित प्रोग्रॅम दाहरानला पोहोचला तो २६ तारखेला, दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी. यशाचे सुरुवातीचे दावेही टिकले नाहीत: अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाला स्कड निकामी झाल्याचा सर्वांत भक्कम पुरावा सुमारे ९ टक्के चकमकींतच आढळला.

शीतयुद्ध संपल्यावर संरक्षण खर्च आटला आणि कंपन्या एकमेकींना गिळू लागल्या. रेथिऑनने १९९७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा संरक्षण विभाग आणि ह्यूजेसचा संरक्षण व्यवसाय घेतला. ह्यूजेसबरोबर ॲरिझोनातील टूसॉनचा क्षेपणास्त्र कारखाना आला; टोमाहॉक आणि खांद्यावरून डागायचे स्टिंगर यांचा कारभार तिथलाच. एकाच छताखाली काम गोळा झाल्याने खर्च वाचला असेल, पण पर्याय उरले नाहीत. २०२० मध्ये युनायटेड टेक्नॉलॉजीजशी विलीनीकरण झाले. आज रेथिऑन ही आरटीएक्सची एक शाखा आहे.

पर्याय न उरल्याची किंमत युक्रेन युद्धात दिसली. अमेरिकी सैन्याने सुमारे १८ वर्षे स्टिंगरची नवी मागणी नोंदवली नव्हती. २०२२ मध्ये ही क्षेपणास्त्रे अचानक हवी झाली, तेव्हा काही सुटे भाग बाजारातून कधीच गेले होते आणि शोधकाच्या इलेक्ट्रॉनिक्सची नव्याने आखणी करावी लागणार होती. जुन्या कागदी आराखड्यांवरून काम शिकवायला सत्तरी गाठलेल्या निवृत्त अभियंत्यांना बोलावण्यात आले. दिवसाला हजारो मॅग्नेट्रॉन काढणाऱ्या कंपनीवर ही वेळ यावी, याचा दोष मात्र तिच्या एकटीचा नाही. मागणी नसताना उत्पादनाची रांग चालू ठेवण्याचे पैसे सरकारनेही दिले नव्हते.

पैशांच्या व्यवहारात मात्र कंपनीला स्वतःच उत्तर द्यावे लागले. पॅट्रिअटसह काही कंत्राटांत खर्चाची सदोष माहिती देऊन जादा किंमत लावणे आणि कतारमधील अधिकाऱ्याला लाच देणे या आरोपांप्रकरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेथिऑनने ९५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले. खटला पुढे ढकलण्याच्या या करारांनुसार तिच्या कारभारावर तीन वर्षे स्वतंत्र निरीक्षक नेमण्याचे ठरले.