हमामाचे छत आणि दोन कॅमेरे

बऱ्हाणपूरच्या ज्या शाही किल्ल्यात १६३१ साली मुमताजमहल निवर्तली, तेथील हमामाच्या छतावर रंगीत नक्षी आजही दिसते. मात्र उजेड बेताचा. अशा वेळी खिशातला फोन क्षणार्धात अनेक चित्रे टिपून त्यांचे एक बनवितो. घरच्या मंडळींचे छायाचित्र त्याने झकास येते. परंतु उरलेला रंग कोठे संपतो व उघडा चुना कोठे सुरू होतो, हे पाहू जाता फोनची ही सफाईच आड येते. मोठ्या कॅमेऱ्याचा प्रकाशग्राही पडदा ३६ बाय २४ मिलिमीटरचा, बहुतेक फोनांच्या दसपटीहून मोठा. तो तिवईवर ठेवून झडप दोन सेकंद उघडी राहिली, की पुसट रेषाही उमटते. तिवईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ही खटपट खरी; पण दहा वर्षांनी आणखी किती रंग गळाला हे ताडून पाहावयाचे, तर असेच चित्र हाती हवे.