अभ्यंगस्नान आणि साबणाची वडी

आश्विन वद्य चतुर्दशीची पहाट. अंगणात पणत्या तेवत असतात, बंबात पाणी तापलेले असते आणि आई मुलांच्या अंगाला तेल चोळून उटणे लावीत असते. नरकासुराच्या वधाचे स्मरण देणारे हे अभ्यंगस्नान आपण शुचितेचे मानतो. परंतु अंगावरून ओघळलेले ते पाणी पुढे कोठे जाते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

भिंगारच्या मुलांना याचे उत्तर नकाशावर सापडेल. हा परिसर सीना नदीच्या खोऱ्यातला. सीना सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. पंढरीत जिला आपण चंद्रभागा म्हणतो, तीच ही भीमा. आपल्या न्हाणीघरातील मोरीचे नाते असे थेट संगमतीर्थाशी जडलेले आहे.

म्हणूनच विद्यार्थ्यांना साबणाची वडी करावयास शिकविणे हा निव्वळ हस्तव्यवसाय नव्हे, तो संस्कारही आहे. हातांच्या उद्योगातून शिक्षण द्यावे, हा विचार महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडला होता. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने कडुनिंबासारख्या अखाद्य तेलांपासून साबण करण्याच्या उद्योगास उत्तेजन दिले.

कृती सोपी, पण दक्षतेची आहे. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. वडी सौम्य व्हावी म्हणून तो थोडा कमी घेतात. सोडा पाण्यात हळूहळू सोडावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. हे काम शिक्षकांनीच हातमोजे व चष्मा घालून करावे. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. साच्यातून काढलेली वडी निदान चार आठवडे वाळवावी लागते. घटस्थापनेच्या दिवशी ओतलेला साबण नेमका नरकचतुर्दशीच्या सुमारास स्नानायोग्य होतो. नवरात्रातील घटाप्रमाणे तीही धीराचीच उपासना होय.

मात्र नैसर्गिक म्हणून तो नदीपात्रात बेलाशक वापरावा, असे नाही. कोणताही साबण पाण्यात विरघळून जलचरांना अपाय करू शकतो. लागेल तेवढाच घ्यावा, आणि ते पाणी ओढ्यात न सोडता शोषखड्ड्यात जिरवावे, हा धडा वडीबरोबरच मुलांच्या हाती पडावयास हवा.

चतुर्दशीनंतर येते लक्ष्मीपूजन. त्या दिवशी व्यापारी चोपड्यांची पूजा करतात; विद्यार्थ्यांनीही आपली छोटी वही देवापुढे ठेवावी. तेल, सोडा, कागद, श्रम आणि वाया गेलेल्या वड्या यांचा खर्च मांडल्यावाचून किंमत ठरत नाही, हे त्यांना तेथे उमगेल. साबण बाजारात विकावयाचा तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये परवाना लागतो, हेही त्यांना सांगावे. वजन पुरे, घटक खरे आणि गुणांची अवास्तव जाहिरात नाही, अशी ही कमाई असावी.

लक्ष्मी स्वच्छ घरी येते, असे आपण म्हणतो. ते घर उंबरठ्यापाशी संपत नाही. मोरीतून वाहत ते नदीपर्यंत जाते. यंदाच्या पहाटे पहिला तांब्या अंगावर घेताना एवढे ध्यानी राहिले, तरी मुलांच्या हातची ती वडी सार्थकी लागली असे म्हणता येईल.