पारा उतरण्याआधीचे पंधरा दिवस

दिवाळी सरते, तुळशीविवाह आटोपतात आणि नाशिकमध्ये सकाळचे वर्तमानपत्र उघडताच अनेकांची नजर प्रथम एका लहानशा चौकटीकडे जाते. तेथे दोन आकडे शेजारी शेजारी असतात: नाशिकचे किमान तापमान आणि निफाडचे किमान तापमान. शहरातील वाचकाला त्यावरून लोकरीचे कपडे केव्हा बाहेर काढायचे एवढेच ठरवायचे असते. दिंडोरी, निफाड किंवा चांदवडचा द्राक्ष बागायतदार मात्र त्या आकड्यांपेक्षा आकाशाच्या अंदाजाकडे अधिक लक्ष देतो. थंडी येणार हे त्याला ठाऊकच असते. ती कोरडी येणार की आधी पाऊस पाठवणार, हा त्याचा प्रश्न असतो, आणि वर्षभराचे उत्पन्न त्या उत्तरावर अवलंबून असते.

नैऋत्य मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात या भागातून माघार घेतो. आकाश निरभ्र होते, हवा कोरडी होते आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडून देते. त्यात उत्तरेची भर पडते. भूमध्य समुद्राच्या दिशेने येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात हिमवर्षाव करून पुढे सरकले की त्यांच्यामागून थंड, कोरडे वारे गुजरात आणि मध्य प्रदेशावरून खानदेशात व नाशिकच्या पठारावर उतरतात. हा क्रम सुरळीत चालला तर नोव्हेंबर महिना आनंदाचा असतो. परंतु याच सुमारास अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांत चक्रीवादळांचाही हंगाम असतो. तेथील बाष्प उत्तर महाराष्ट्रापर्यंत ओढले गेले आणि वरच्या थरांत गार हवा आधीच पोहोचलेली असली, की ढग झपाट्याने उंच वाढतात. वीज, पाऊस आणि गारा एकाच वेळी कोसळतात.

२६ नोव्हेंबर २०२३ हा रविवार नाशिक जिल्हा सहजासहजी विसरणार नाही. त्रिपुरारी पौर्णिमेचा तो दिवस. दुपारनंतर आकाश काळवंडले आणि जिल्ह्याच्या अनेक गावांत वादळी पावसासह गारपीट झाली. निफाड तालुक्यात काही ठिकाणी गारांचा अक्षरशः सडा पडला. द्राक्षाची पाने फाटली, घड मार खाऊन काळे पडले. कांद्याची रोपे आणि शेतात उभा असलेला कांदा चिखलात झोपला. विशेष म्हणजे हवामान विभागाने या पावसाचा इशारा आधी दिलेला होता. म्हणजे अंदाज चुकला, असे त्या वेळी म्हणता आले नाही. इशारा हाती होता. पण दोन-तीन दिवसांच्या अवधीत उघड्या बागेवर छप्पर घालण्याची सोय कितीजणांकडे असते? प्लॅस्टिक आच्छादनाचा सांगाडा काही बागांत दिसतो, परंतु त्याचा खर्च सामान्य बागायतदाराच्या आवाक्याबाहेरचा आहे. अंदाजाची अचूकता वाढली, त्या प्रमाणात अंदाजावर कृती करण्याची ऐपत वाढली नाही, ही या विषयातील खरी उणीव होय.

त्यापूर्वीही असे घडले आहे. डिसेंबर २०१७ च्या आरंभी ओखी चक्रीवादळ क्षीण होत गुजरातच्या किनाऱ्याकडे सरकले तेव्हा नाशिकमध्येही पाऊस झाला. २०१९ मध्ये क्यार आणि पाठोपाठ महा अशी दोन वादळे अरबी समुद्रात उठली आणि दिवाळीच्या दिवसांत पाऊस थांबेनाच. त्या वर्षीचे नुकसान गारांनी केलेले नव्हते. ते ओलाव्याचे होते आणि अनेक दिवस चालले.

ओलाव्याने एवढे काय बिघडते, हे समजण्यासाठी वेलीचे वेळापत्रक पाहिले पाहिजे. नाशिकच्या बहुतेक बागांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. त्यानंतर सुमारे चार महिन्यांनी, जानेवारी-फेब्रुवारीपासून, माल तोडणीस येतो. याचा अर्थ कार्तिकाच्या अखेरीस बऱ्याच बागा फुलोऱ्यात किंवा मणी धरण्याच्या अवस्थेत असतात. या वेळी पाऊस पडला, किंबहुना नुसते ढगाळ हवामान आणि धुके चार दिवस रेंगाळले, तरी घडांची कूज व गळ होते आणि डाऊनी मिल्ड्यू ऊर्फ केवडा बागभर पसरतो. मग औषध फवारणीला अंत राहत नाही. सटाणा, देवळा, कळवण या पट्ट्यात तर काही शेतकरी लवकर छाटणी करून नाताळच्या बाजारपेठेसाठी आगाप द्राक्षे घेतात. त्यांच्या मण्यांत नोव्हेंबरअखेर गोडी उतरू लागलेली असते. त्या अवस्थेत पाणी लागले की मण्यांना तडे जातात आणि व्यापारी दुसऱ्या दिवसापासून फिरकत नाही.

पाऊस टळला आणि पारा उतरू लागला की चिंतेचे स्वरूप बदलते. फार थंडीत मण्यांची फुगवण मंदावते, भुरी बळावते. दिवसा ऊन आणि रात्री कडाका असा मोठा फरक पडू लागला की हिरवे मणी गुलाबी होतात. निर्यातीच्या मालात ते चालत नाहीत. यासाठी घडांना कागद गुंडाळण्याची पद्धत आहे आणि त्यासाठी जुनी वर्तमानपत्रेही वापरली जातात. पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्या जातात. ठिबक संच सुरू करून विहिरीचे तुलनेने उबदार पाणी मुळांशी सोडले जाते.

निफाडचा आकडा नाशिकपेक्षा दोन-तीन अंशांनी, कधी त्याहूनही अधिक कमी का असतो, असे शहरातील लोक विचारतात. उंचीचा हिशेब पाहिला तर निफाड नाशिकपेक्षा थोडे खालीच आहे. मग ते उबदार असायला हवे. परंतु शांत, निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन पाण्यासारखी सखल भागाकडे वाहते आणि गोदावरी-कादवेच्या खोऱ्यात साचून राहते. शिवाय नाशिकचा मोजणारा काटा आता वाढत्या सिमेंटच्या वस्तीजवळ आहे, तर निफाडची नोंद कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या मोकळ्या शेतातून येते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथे पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. खुद्द नाशिकमध्ये १९४५ च्या जानेवारीत ०.६ अंशाची नोंद आहे.

येथे एका गोष्टीचा खुलासा करणे आवश्यक वाटते. पारा तीन-चार अंशांवर असताना निफाडला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात आणि काही वाचकांना त्या अतिशयोक्त वाटतात. त्या अतिशयोक्त नसतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. गवताच्या पात्याजवळ तापमान त्याहून काही अंशांनी कमी असते. पेटीतला पारा तीन दाखवीत असताना गवतावरील दव गोठू शकते.

‘थंडीची लाट’ हा शब्दही सैलपणे वापरला जातो. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि त्या काळच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली असावे लागते. किंवा पारा थेट ४ अंशांवर वा त्याखाली यावा लागतो. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस नऊ अंश ही लाट ठरू शकते आणि जानेवारीत तोच आकडा नित्याचा मानला जातो.

गहू व हरभरा यांना हीच थंडी मानवते. ज्या केंद्रातील नोंद वाचून द्राक्षवाल्याला धडकी भरते, त्याच केंद्राने त्र्यंबक, तपोवन, समाधान यांसारखे गव्हाचे वाण दिले आहेत. एकाच तालुक्यात, कधी एकाच कुटुंबात, दोन बांधांवर दोन वेगळ्या प्रार्थना चाललेल्या असतात.

या आकड्यांना पैशाचेही एक अंग आहे, ज्याकडे शहरी वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत द्राक्षासाठी अवेळी पाऊस आणि कमी तापमान यांची भरपाई बागेत जाऊन केलेल्या पंचनाम्यावर ठरत नाही; महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. केंद्राच्या पर्जन्यमापकात पाऊस पडला नाही आणि तीन किलोमीटरवरील बागेत पडला, तर विम्याच्या दृष्टीने तो पडलेलाच नसतो. गारपिटीचे संरक्षण स्वतंत्र आहे. त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो आणि नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. पीककर्ज घेताना विम्याच्या अर्जावर सही करणारे अनेक शेतकरी ही अट पहिल्यांदा वाचतात ती गारा पडून गेल्यावर. हप्ता भरतानाच आपल्या मंडळाचे केंद्र कोठे आहे आणि गारपिटीचा रकाना भरला आहे की नाही, हे पाहून घेतलेले बरे. हवामान विभागाचा जिल्हानिहाय कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो, पुढील पाच दिवसांचा अंदाज त्यात असतो, आणि तो ‘मेघदूत’ ॲपवर मराठीतही मिळतो. पाच दिवसांत आच्छादन उभे राहत नाही हे खरे. परंतु फवारणी पुढे-मागे करणे, काढलेला कांदा झाकणे, चाळीत हलवणे एवढे तरी होते.

शहरातील घरांसाठी थंडीची चाहूल घड्याळातही दिसते. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याअखेर येत असला तरी नाशिकमध्ये सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, सायंकाळी सहाच्या थोडे आधी. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबांची धावपळ याच दिवसांत अधिक होते. डिसेंबरच्या मध्यापासून सायंकाळ पुन्हा हळूहळू लांबू लागते. सकाळचे मात्र उलट आहे. सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत लांबत जाऊन सातच्याही पुढे जातो. पहाटे गोदाकाठी किंवा मैदानावर फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी, विशेषतः रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी, तोवर बाहेर पडण्याची वेळ तासभर पुढे ढकलावी. चातुर्मास संपून विहार सुरू झालेला असतो; महामार्गावरून साधु-साध्वींसोबत चालणाऱ्या श्रावकांनी धुके विरेपर्यंत थांबावे आणि दुरून चमकणारी जाकिटे अंगावर ठेवावीत.

किमान तापमान बहुधा सूर्योदयाच्या सुमारास गाठले जाते आणि वेधशाळेत त्याची नोंद सकाळी साडेआठला होते. छापील वर्तमानपत्रात तो आकडा दुसऱ्या दिवशी येतो. तोवर बागेतील शेकोटीची राखही थंड झालेली असते.