वंशभेद कशाला म्हणायचे?

ऑगस्ट २००१च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात संयुक्त राष्ट्रांची वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. भारतातले दलित कार्यकर्ते तिथे मोठ्या संख्येने पोचले होते. जन्मावरून वाट्याला येणारी आमची अवहेलनाही परिषदेच्या घोषणापत्रात नोंदवा, एवढीच त्यांची मागणी होती. भारत सरकारने तिला ठाम विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे आणि त्यासाठी आमचे संविधान समर्थ आहे, असे सरकारचे म्हणणे होते. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय यांनीही जातीला वंश मानणे शास्त्राला धरून नाही, असे बजावले होते. अखेर घोषणापत्रात जातीचा उल्लेख आला नाही.

डर्बनमध्ये निकाली निघाल्यासारखा वाटलेला हा वाद पुढे लंडन, सिएटल, कॅलिफोर्नियात पुन्हा पुन्हा उभा राहिला. वंशभेदाची व्याख्या कशी करायची आणि ती कुणाकुणाला लागू होते, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. फुले आणि आंबेडकर या दोघांनीही तो आपापल्या काळात हाताळला आहे.

नाकाची मापे आणि बाबासाहेब

जातीचे मूळ वंशात आहे, हा समज ब्रिटिश अमदानीत पक्का झाला. १९०१च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ली यांना माणसांच्या नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड समजावता येईल असे वाटत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा सिद्धान्त मान्य केला नाही. ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या १९३६च्या भाषणात त्यांनी दाखवून दिले, की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातलाच चांभार वंशाने एकच आहेत. तो ब्राह्मण मद्रासच्या ब्राह्मणाशी मात्र वंशाने जुळत नाही. पुढे १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी नाकांच्या मापांचेच तक्ते तपासले आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असा निष्कर्ष काढला. ज्या मापांनी उतरंड सिद्ध करायची होती, त्याच मापांनी तिचा पाया उखडला गेला.

तरीही याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे मांडत आहेत हे कळल्यावर त्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली, कारण अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा असे त्यांच्या मनात होते. त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केले होते. जात आणि वंश या दोन वेगळ्या गोष्टी असल्या, तरी त्यांच्या नावाने माणसावर होणारा अन्याय एकाच जातकुळीचा आहे, हे दोघांनीही ओळखले होते.

भारतानेच सुचवलेला शब्द

वंशभेदाची आंतरराष्ट्रीय कायद्यातली मान्य व्याख्या १९६५ सालची आहे. त्या वर्षी २१ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सर्व प्रकारचा वंशभेद नष्ट करण्याचा करार संमत केला. वंश, वर्ण, जन्मकूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून कुणाला वेगळे वागवणे, वगळणे किंवा झुकते माप देणे, आणि त्यामुळे समान हक्कांना बाधा येणे, म्हणजे वंशभेद. तसा हेतू असला काय किंवा केवळ तसा परिणाम झाला काय, दोन्ही या व्याख्येत येतात.

यातला ‘जन्मकूळ’ हा आधार मसुद्यात आला तो भारताच्या दुरुस्तीमुळे. या आधारात जात येते, असे करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने १९९६ साली भारताला कळवले. २००२ साली तिने स्वतंत्र शिफारस काढून जात आणि तत्सम वंशपरंपरागत दर्जावरून होणारा भेदभाव करारात मोडतो, असे स्पष्ट केले. आपल्याला अभिप्रेत अर्थ हा नव्हता, असे भारत सरकार सांगत राहिले.

बेतेय यांचे म्हणणे विज्ञानाच्या कसोटीवर खरे आहे. जात म्हणजे वंश नव्हेच. पण आजच्या विज्ञानात मानवाचे ‘वंश’ तरी कुठे टिकले आहेत? युनेस्कोने १९५० सालीच बजावले होते, की वंश ही जैविक वस्तुस्थितीपेक्षा समाजात रुजलेली भ्रामक कल्पना अधिक आहे. वंश खरा नाही म्हणून वंशभेद खोटा ठरत नाही, तसेच जात वंश नाही म्हणून जन्मावरून होणारा भेदभाव कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहत नाही. कायद्याला रक्ताची तपासणी करायची नसते. या माणसाला केवळ जन्मामुळे काय नाकारले गेले, एवढेच त्याला पाहायचे असते.

सत्ता कुणाच्या हाती?

वादाचा दुसरा पदर अमेरिकेतून आला. १९६७ साली स्टोकली कार्मायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी ‘ब्लॅक पॉवर’ या पुस्तकात संस्थात्मक वंशभेदाची कल्पना मांडली. एखाद्या गोऱ्याच्या मनातला द्वेष हा वंशभेदाचा लहानसा भाग आहे. शाळा, घरे, नोकऱ्या आणि न्यायालये ज्या रीतीने चालतात त्यात तो खोलवर मुरलेला असतो. यातूनच ‘पूर्वग्रह अधिक सत्ता म्हणजे वंशभेद’ हे सूत्र पुढे आले.

ब्रिटनमध्ये याचा प्रत्यय १९९३ साली आला. लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा गोऱ्या तरुणांच्या टोळीने खून केला आणि पोलिसांचा तपास ढिसाळपणे झाला. १९९९च्या मॅकफर्सन अहवालाने लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वंशभेद असल्याचा ठपका ठेवला. नकळत बाळगलेले पूर्वग्रह, अज्ञान आणि बेफिकिरी यांतूनही एखादी संस्था वंशभेद करू शकते, हे त्या अहवालाने ब्रिटनला मान्य करायला लावले.

सत्तेचा हा विचार मोलाचा आहे. त्याशिवाय पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजाच्या वाट्याला गटारे का आली, हे समजत नाही. पण काही जण या सूत्रातून पुढचा निष्कर्ष काढतात, की ज्यांच्याकडे सत्ता नाही त्यांच्या हातून वंशभेद घडूच शकत नाही. तो मला मान्य नाही. सत्ता ही एकाच जागी मुक्कामाला नसते. परदेशात वर्णामुळे अपमान सोसणारा भारतीय मायदेशी घरमालक असतो, वरिष्ठ असतो, जमावातला एक असतो. मार्च २०१७मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली. आफ्रिकी राजदूतांनी त्याला परदेशीद्वेष आणि वंशभेद म्हटले, तर आपले सरकार तो शब्द वापरायला कचरत राहिले. ऑगस्ट २०१२मध्ये हल्ल्याच्या अफवांनी घाबरलेले ईशान्येकडचे तरुण-तरुणी बंगळुरूप्रमाणेच पुण्यातूनही गाड्या भरभरून गावी परतले. चेहऱ्यावरून परके ठरवले जाण्याचा तो अनुभव त्यांना आपल्याच शहरात आला होता.

म्हणून व्याख्येचे संरक्षण प्रत्येकाला मिळावे आणि तिचे उत्तरदायित्वही प्रत्येकावर असावे. सत्तेचा विचार करायचा तो अन्यायाची व्याप्ती मोजताना आणि उपाय ठरवताना. कुणाला दोषातून आधीच मोकळे करण्यासाठी तो वापरू नये.

कायदा कुठवर आला?

ब्रिटनच्या संसदेने २०१३ साली समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करण्याचे बंधन सरकारवर घातले. २०१८ साली सरकारने ते न करण्याचे ठरवले. मात्र त्याआधीच, बिहारमधून तिथे नेलेल्या एका घरकामगार स्त्रीच्या खटल्यात अपील न्यायाधिकरणाने २०१४ साली मान्य केले होते, की ‘वांशिक मूळ’ या आधारात जातही येऊ शकते. अमेरिकेत सिएटलने फेब्रुवारी २०२३मध्ये जातिभेदावर बंदी घातली. असे करणारे ते तिथले पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले विधेयक गव्हर्नरांनी, आहे तो कायदा पुरेसा आहे असे सांगून, नाकारले.

आपल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात ‘वंश’ आणि ‘जात’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. दोहोंपैकी एक निवडण्याची गरज घटनाकारांना वाटली नाही. पण ते कलम मुख्यतः शासनाला आणि दुकाने, उपाहारगृहे, पाणवठे यांसारख्या सार्वजनिक जागांना लागू होते. भाड्याचे घर किंवा खासगी नोकरी नाकारणाऱ्याला त्याने अडवता येत नाही. दिल्लीत जानेवारी २०१४मध्ये अरुणाचलच्या निदो तानिया या तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या बेजबरुआ समितीने वांशिक शेरेबाजी आणि हिंसेविरुद्ध स्वतंत्र कलमे सुचवली. ती कायद्यात आली नाहीत. २०२३च्या भारतीय न्याय संहितेत वंश आणि जात हे शब्द नव्याने आले, ते जमावाने केलेल्या खुनाच्या आणि गंभीर दुखापतीच्या कलमांत. माणूस मरेपर्यंत किंवा गंभीर जखमी होईपर्यंत कायद्याने थांबू नये. घर, नोकरी आणि शिक्षण यांत जन्मावरून होणारा कोणताही भेद गुन्हा किंवा दिवाणी अपराध ठरवणारा एक सर्वसमावेशक कायदा भारताला हवा. १९६५ साली जगाच्या व्याख्येत ‘जन्मकूळ’ घालणाऱ्या देशाने तो आता स्वतःसाठी करावा.